नाव घ्या हो, नाव!

आपल्याकडे बाईमाणसाने दोन नावे सहजासहजी घ्यायची नसतात. एक नवऱ्याचे आणि दुसरे कर्करोगाचे. पहिल्याची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. ताट, वाटी, समई, तुळस, जे हाताशी असेल त्याच्या आडून ते नाव हळूच पुढे करावे आणि लाजून मोकळे व्हावे. दुसऱ्या नावासाठी मात्र अद्याप कोणी उखाणा रचलेला नाही. त्यामुळे बिचारी माणसे आडवाटेने जातात. ‘तो आजार’, ‘मोठं दुखणं’, ‘गाठीचं झालंय’, ‘रिपोर्ट चांगला नाही आला’. मुंबई-पुण्याकडे तर एका शब्दात काम भागते. ‘त्यांना टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. जिभेने च्यक् करतो आणि विषय बदलतो. परळचे ते रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. म्हणजे गेली ऐंशीहून अधिक वर्षे एका सचोटीच्या पारशी घराण्याचे आडनाव महाराष्ट्रात रोगाचे टोपणनाव म्हणून चालले आहे!

आमच्या नागपुराकडे ‘टाटा’च्या जागी ‘तुकडोजी’ म्हणतात. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. महाराजांना स्वतःला कर्करोगच झाला होता. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला, तो त्याच व्याधीने. ज्या संताने खंजिरी हाती घेऊन खेड्याखेड्यांत घाण, व्यसन, अंधश्रद्धा यांविषयी पडदा न ठेवता बोलायला शिकवले, त्याच्याच नावाचे पांघरूण आम्ही रोगावर घालतो. सावनेरच्या बसथांब्यावर ‘कुठे चालल्या?’ या प्रश्नाला ‘तुकडोजीला’ असे उत्तर मी कितीदा तरी ऐकले आहे. भजनाला चालल्यासारखे!

मी सावनेरला मराठी शिकवते. शब्दांचा धंदा आहे, म्हणून शब्दांकडे जास्त लक्ष जाते. ‘कर्क’ म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसने या गाठींना खेकड्याचेच नाव दिले. गाठीभोवती ताणलेल्या शिरा पाहून त्याला खेकड्याच्या नांग्या आठवल्या, असे म्हणतात. ग्रीकातून ते लॅटिनमध्ये गेले, तिथून इंग्रजीत, आणि आपण त्याचे भाषांतर करून ‘कर्करोग’ केला. आपल्याकडे सुश्रुताने ‘अर्बुद’ असा शब्द वापरला होता. तो पंडितांपाशीच राहिला. आता ‘कॅन्सर’ म्हणा, ‘कर्करोग’ म्हणा, शब्दात तसे भयंकर काही नाही. पंचांगात कर्क रास आपण रोज वाचतो आणि त्या राशीची मुलगी सून म्हणून करून घेतो.

तीन वर्षांपूर्वी हा शब्द माझ्या घरात आला. डाव्या बाजूला गाठ. वाटाण्याएवढी, टणक, आणि मुळीच न दुखणारी. नागपूरला तपासणी झाली, सुई घालून तुकडा काढला, आठ दिवसांनी कागद हाती आला. त्यानंतर शस्त्रक्रिया, मग एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने औषधाच्या आठ फेऱ्या. त्यांतल्या पहिल्या चार लाल औषधाच्या. सरबतासारखा सुरेख लाल रंग असतो आणि दोन आठवड्यांत डोक्यावरचा एकूण एक केस उतरवतो. मग तीन आठवडे रविवार सोडून रोज किरणांसाठी नागपूर. जायला पस्तीस-चाळीस किलोमीटर, यायला तेवढेच, आणि किरणे घेण्याचे काम पाच-दहा मिनिटांचे. यात वीरश्री कुठे नाही. असते ती सारी बसची वेळ, डब्यातला दहीभात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा आणि रजेचा अर्ज.

त्या रजेच्या अर्जावरूनच खरा प्रश्न उभा राहिला. कारण काय लिहायचे?

सासूबाईंनी मला जवळ बसवले. त्या शहाण्या बाई आहेत. पंचाहत्तरी उलटली तरी घरातला हिशेब त्यांच्याकडे आहे. म्हणाल्या, “सूनबाई, जे करायचं ते करू. दागिने आहेत, शेत आहे. पण बाहेर बोलू नको. पोरीचं लग्न व्हायचं आहे.”

माझी मुलगी तेव्हा बारावीत होती. लग्नाला अजून दहा वर्षे असतील. पण सासूबाईंचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. आपल्या समाजात माणसे आजार लपवतात ती भित्री असतात म्हणून नव्हे. कांदेपोह्यांच्या बैठकीत ‘मुलीच्या आईला काय झालं होतं?’ हा प्रश्न खरोखरच विचारला जातो आणि उत्तरावर सोयरीक अडते. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पाच ते दहाच जणींत तो आईवडिलांकडून आलेल्या दोषामुळे होतो, बाकीच्यांत नाही, हे डॉक्टर सांगतात. पण सोयरीक जुळवणारे मामा डॉक्टरांची पुस्तके वाचून बैठकीला येत नाहीत. तेव्हा सासूबाईंचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता, आणि तो मोडायचा तर माझ्याजवळ त्याहून मोठा हिशेब हवा होता.

इथे मला आमच्या गावची एक जुनी गोष्ट आठवते. सावनेरला संत्री पिकतात, जवळ कोळशाच्या खाणी आहेत, छिंदवाड्याची वाट इथून जाते. पण मराठीच्या माणसाला सावनेर माहीत असते ते एकाच कारणाने. राम गणेश गडकरी इथे वारले. २३ जानेवारी १९१९ चा दिवस. वय अवघे तेहतीस. भावाकडे हवापालटासाठी आले होते आणि ‘भावबंधन’चे लेखन मृत्यूच्या काही तास आधी संपवले, असे सांगतात. दुखणे क्षयाचे. त्या काळी क्षय म्हणजे आजचा कर्करोगच. त्या घरची मुलगी कोणी करीत नसे, त्या घरचे पाणी कोणी पीत नसे, आणि शब्द उच्चारायचा तो कुजबुजत. पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, मागोमाग आणखी औषधे आली आणि बघता बघता क्षयाचे नाव ‘टीबी’ होऊन दवाखान्याच्या भिंतीवर रंगवले गेले. औषध आले की कुजबूज जाते, असा आपला साधा समज. पण कर्करोगाच्या बाबतीत तसे झालेले नाही. औषधे आली, कित्येकांची दुखणी वेळेवर सापडली तर बरी होऊ लागली, आणि कुजबूज मात्र होती तिथेच आहे. तेव्हा ती नुसत्या औषधाने जात नसावी. कोणीतरी मोठ्याने बोलावे लागते.

मोठ्याने बोलणारी माणसे महाराष्ट्रात निघाली, हे मान्य केले पाहिजे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास शरद पवारांना तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेच्या खुणा चेहऱ्यावर घेऊन ते सभांतून बोलत राहिले, आणि तंबाखू-सुपारीची सवय आपल्याला भोवली हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्यांचे राजकारण कोणाला पटो न पटो. तोंडाचा कर्करोग झालेला माणूस त्यानंतरही वीस वर्षे गल्लीपासून दिल्लीपर्यंत बोलू शकतो, हे आमच्या खेड्यातल्या माणसाने डोळ्यांनी पाहिले. याच महाराष्ट्राने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आर. आर. पाटील गमावले. रोग तोच, तोंडाचाच. मग २०१८ च्या जुलैमध्ये आमच्या मराठी घरातली सोनाली बेंद्रे उठली आणि आपला कर्करोग पसरलेला आहे, आपण न्यूयॉर्कला उपचार घेत आहोत, असे तिने जगाला स्वतःच सांगून टाकले. केस कापल्याचे छायाचित्रही दाखवले. पडद्यावरच्या नटीने आपले टक्कल आपण होऊन दाखवावे, याला काय धैर्य लागत असेल ते मी त्या वेळी नुसते वाचले. पुढे आरशासमोर उभी राहिल्यावर मला कळले. शरद पोंक्षे यांनी आपल्या दुखण्यावर ‘दुसरं वादळ’ हे पुस्तकच लिहिले.

पण मला विचाराल, तर या सगळ्या मोठ्या नावांहून मला एक लहान नाव महत्त्वाचे वाटते. मुकेश हराणे. आडनावाने ओळखणार नाही तुम्ही. पण चित्रपटगृहात दिवे मालवल्यावर पडद्यावर आलेला तो तरुण तुम्ही पाहिलेला आहे. भुसावळकडचा मुलगा. गुटखा खाल्ला तो एखादे वर्ष, असे तो त्यात सांगतो. तोंडाचा कर्करोग झाला आहे, शस्त्रक्रिया व्हायची आहे आणि त्यानंतर कदाचित बोलता येणार नाही, असेही सांगतो. टाटा रुग्णालयात असताना हे चित्रण झाले. २७ ऑक्टोबर २००९ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो गेला. चित्रपटात तंबाखूचे दृश्य असेल तर असा इशारा दाखवायचा, हा नियम २ ऑक्टोबर २०१२ पासून अमलात आला, तेव्हा मुकेशला जाऊन तीन वर्षे होत आली होती. ती तीन मिनिटांची फिल्मसुद्धा नव्हे, उणेपुरे अर्धे मिनिट. तेवढ्यात एका जळगावकडच्या पोराने साऱ्या देशाला आपल्या रोगाचे नाव सांगितले. वाणी जाण्यापूर्वी तिचा जो शेवटचा उपयोग करायचा तो त्याने असा केला.

आणि आम्ही काय केले? नक्कल केली. कॉलेजची पोरे स्नेहसंमेलनात त्याच्या वाक्याची टिंगल करीत. चित्रपटगृहात तो दिसला की मागच्या खुर्च्यांवरून खिदळणे ऐकू येई. मला त्या पोरांचा पूर्वी राग येई, आता तितकासा येत नाही. भीतीला हसून घालवायची ही त्यांची रीत. स्मशानातून परतताना माणसे मोठमोठ्याने गप्पा मारतात, तसे. पण एवढे खरे की नक्कल करायला का होईना, वाक्य प्रत्येकाला पाठ झाले. ‘कॅन्सर’ हा शब्द आमच्या वर्गात ज्याने पहिल्यांदा मोठ्याने आणला तो मुकेश, मी नव्हे.

मी दुसरी. औषधाच्या दुसऱ्या फेरीनंतर मी पदर डोक्यावरून घेऊन वर्गात गेले. सावनेरला डोक्यावरून पदर घेणे विशेष नाही. पण मी कधी घेत नसे. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, तुम्हाला टायफॉइड झाला होता का?” तिने माझी वाट सोपी करून दिली होती. टायफॉइडने केस जातात हे सगळ्यांना माहीत, ‘हो’ म्हटले की संपले. मी म्हटले, “नाही. मला स्तनाचा कर्करोग झाला आहे. औषधाने केस गेले. परत येतात म्हणे.” वर्ग असा शांत झाला की बाहेरच्या टिनावर माकड चालल्याचे ऐकू आले. मग मी ठरलेला धडा शिकवला. तास संपल्यावर सगळी मुले गेली, ती मुलगी तेवढी थांबली आणि म्हणाली, “माझ्या मोठ्या आईलेही तेच झालं होतं. आमच्या घरी कोणी नाव घेत नाही.”

लक्षात घ्या, मी त्या वाक्यात दोन न घ्यायचे शब्द घेतले होते. ‘कर्करोग’ हा एक. ‘स्तन’ हा दुसरा आणि जास्त कठीण. संतांच्या वाङ्मयात तो शब्द आहे, आई-लेकराच्या वर्णनात आहे, एम.ए.च्या वर्गात मी तो बेधडक उच्चारते. पण गल्लीतल्या बायकांत ‘छातीचा’ म्हणतात, आणि तेही हात पोटाशी धरून. गर्भाशयाच्या मुखाचा असेल तर ‘खालचा’. जिथे अवयवाचे नाव घेता येत नाही तिथे त्या अवयवात गाठ आहे हे बाई सांगणार कोणाला, आणि कशी?

अमेरिकेतसुद्धा फार निराळे नव्हते. १९७४ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ते झाकून ठेवायचे नाकारले. तोपर्यंत तिकडच्या प्रतिष्ठित घरांतही हा शब्द वर्ज्यच होता. त्यानंतर मात्र बायका तपासणीसाठी दवाखान्यांपुढे रांगा लावू लागल्या. एका बाईने नाव घेतले आणि हजारोंनी आपापली गाठ चाचपली. माझ्या रजेच्या अर्जापुढे ठेवायला मला हवा होता तो मोठा हिशेब हाच.

त्या साली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या बायकांनी मला चार शब्द बोलायला सांगितले. विषय त्यांनी ‘तिळगुळाचे महत्त्व’ ठरवला होता. मी उभी राहिले, आणि तिळगुळाविषयी दोन वाक्ये बोलून माझ्या गाठीविषयी बोलले. गाठ कुठे होती, केवढी होती, कशी लागली, दुखत कशी नव्हती. महिन्यातून एकदा पाळी आटोपल्यावर बोटांच्या पेरांनी कसे चाचपून पाहायचे. सुई लावली की रोग भडकतो, ही समजूत खोटी आहे. उलट सुईवाचून कळतच नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. तो हात लावल्याने, उष्ट्याने, अंथरुणाने लागत नाही. खर्च किती आला तेही सांगितले, कारण बायकांना खरे तर तेच विचारायचे असते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटले आणि सगळ्या घरी गेल्या. सासूबाई रस्ताभर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाल्या, “त्या डब्याचं झाकण सैल आहे.” यापुढे त्या विषयावर त्यांनी मला कधी टोकले नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत तीन बायका घरी आल्या. एक विरजण मागायला, एक मुलाच्या निबंधाचे विचारायला आणि एक उगीच. विरजणवालीला आठ महिन्यांची गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून दाखवली नव्हती. घरोघरी हाच फास बसतो. दुखते ते आपण दाखवतो आणि न दुखणारे ‘असू दे’ म्हणून ठेवून देतो. तिला मी स्वतः नागपूरला नेले. तिची गाठ ‘ती’च निघाली, आज तिचे उपचार पुरे झाले आहेत आणि केस माझ्यासारखेच कुरळे उगवले आहेत. निबंधवालीची गाठ साधी निघाली. घरी येऊन तिने मला पेढे दिले आणि मग देवीला. तिसरीला गाठ नव्हतीच. तिला वर्षापूर्वीच शस्त्रक्रिया झाली होती, माहेरी राहून, कोणाला न कळू देता. ती बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली. उठताना दारात म्हणाली, “एक विचारू का बाई? तुमचे हे... तुमच्या जवळ बसतात का?” मी ‘हो’ म्हटले. तिने मान हलवली आणि चपला घातल्या. तिला उत्तर द्यायला पुस्तकात काही नसते.

सांगण्याची किंमत पडत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. ती पडते, आणि रोखीने पडते. माझ्या पुतणीच्या एका स्थळाकडून येणारे फोन त्या संक्रांतीनंतर थांबले. पुतणीला माझा रोग लागण्याचा काही संबंध नाही, रक्ताचेही नाते नाही. पण घर एक. थोरल्या जाऊबाईंनी मला तोंडावर काही म्हटले नाही. भाजी निवडताना त्या मला शेजारी बसू देत, पण बोलत नसत, असे दोन महिने गेले. पुतणीनेच एक दिवस सांगितले, “काकू, एवढ्यावरून जे लोक थांबले ते पुढे माझ्या सर्दीलाही घाबरले असते.” ही तिची उदारता. किंमत तिने भरली होती, मी नाही, आणि हे मला अजून टोचते.

दुसरा त्रास सल्ल्यांचा. रोगाचे नाव जाहीर झाले की घराला जत्रेचे रूप येते. कोणी गव्हांकुर आणून देतो, कोणी पपईच्या पानांचा रस. सातपुड्यातल्या कुठल्याशा जडीबुटीवाल्याचा पत्ता तर मला अकरा जणांनी दिला. औषध सोडून दे असे कोणी सरळ म्हणत नाही. पण प्रत्येकाच्या मेव्हण्याने ते सोडलेले असते आणि तो ठणठणीत असतो! भेटलेल्या माणसांनी ‘कशा आहात?’ असे विचारताना मान डावीकडे कलवायची, हे कोणी शिकवले कोण जाणे. तीन वर्षे झाली. गडकऱ्यांवर बोलायला मला पूर्वी बोलावीत, आता ‘कॅन्सरवाल्या मॅडम’ म्हणून बोलावतात.

म्हणून प्रत्येकाने आपले दुखणे चव्हाट्यावर मांडावे असा माझा आग्रह नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीपासून आजारी होते. कित्येक महिने त्यांच्या आजाराचे नाव सरकारने घेतले नाही. आजार हा मुख्यमंत्र्याचा खाजगी विषय की प्रजेचा, हा वाद उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. नाकात नळी घालून ते पुलाचे काम पाहायला गेले आणि अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले. १७ मार्च २०१९ रोजी ते वारले. त्यांनी सांगायला हवे होते की नाही? राज्य चालवणाऱ्याचे थोडे निराळे, असे मला वाटते. पण आमच्या नागपूरचे कवी ग्रेस कर्करोगानेच २६ मार्च २०१२ रोजी गेले. त्यांच्याकडून रोगाची हकीगत मागणारे आपण कोण? कवीने काय बोलावे हे त्याचे त्याने ठरवलेले असते. ती तिसरी बाई, जी उगीच आली होती, तिने आजतागायत कोणाला सांगितलेले नाही. ती मला रस्त्यात भेटते, हसते आणि पुढे जाते. तिचे तिने राखले आहे.

सांगणारे सांगतात तेव्हा त्यांचे ऐकणारे मात्र वेगळ्याच शब्दांत लिहितात, याची माझ्यातल्या मास्तरणीला फार चीड आहे. नट अतुल परचुरे यांनी २०२३ मध्ये आपल्या यकृताच्या कर्करोगाविषयी मुलाखतींतून मोकळेपणी सांगितले. सांगण्यात कुठे आव नव्हता. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी ते गेले. अशा वेळी आपल्या वर्तमानपत्रांचा एक ठरलेला मथळा असतो: ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’. अहो, अपयशी कोण? त्या माणसाने औषध घ्यायचे ते घेतले, काम करता आले तेवढे केले, बायको-मुलीशी हसला, बोलला. परीक्षेत नापास झाल्यासारखे त्याचे निकालपत्र छापायचे कशाला? सुझन सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेने १९७८ सालीच यावर एक छोटे पुस्तक लिहिले. स्वतः कर्करोगातून उठून लिहिले, पण त्यात स्वतःचे दुखणे सांगितले नाही. रोगाला लढाईची आणि शापाची भाषा लावू नका, त्याने रोग्याला आणखी अपराधी वाटते, एवढेच म्हणणे मांडले. मी विद्यार्थ्यांना निबंधात ‘कर्करोगाशी झुंज’ लिहू देत नाही. ‘कर्करोगाने आजारी होते’ असे लिहा म्हणते. गुण कापत नाही, पण लाल शाईने खूण करते.

विद्यार्थ्यांवरून आठवले. आमच्या भागात खर्रा खातात. बाहेरगावच्या वाचकांना सांगते : सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घालून फळीवर रगडरगड रगडतात, आणि त्याची पुडी करून देतात. गुटख्यावर २०१२ च्या जुलैत महाराष्ट्रात बंदी आली. खर्रा त्याच्याही आधीपासून होता आणि नंतरही राहिला. नागपूरकडे पाहुण्याला चहा विचारावा तसा मित्राला खर्रा विचारतात. तंबाखूचे सोडा, नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. पण खर्रा खाणाऱ्या पोराला कर्करोग ही फार लांबची गोष्ट वाटते. त्याच्या आधी जे होते ते त्याला कळत नाही. गालाची आतली कातडी पांढुरकी होते, आवळत जाते, तिखट सहन होत नाही, आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालून पाहावीत. निरोगी माणसाची जातात.

मागल्या वर्षी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा सगळे गेल्यावर टेबलापाशी आला. हुशार, वादविवादात बोलणारा. हल्ली मात्र बोलणे बंद केले होते आणि मला वाटत होते की पोरगा प्रेमात पडला आहे. म्हणाला, “मॅडम, तुम्ही तुमचं सांगितलं म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. माझं तोंड उघडत नाही.” मी त्याला तिथेच बोटे घालून पाहायला लावली. एक गेले. दुसरे तिरपे करून अर्धे गेले. नववीपासून खर्रा, दिवसाला सहा-सात पुड्या.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात त्याला पाठवले. गाठ नव्हती, कर्करोग नव्हता; त्याच्या वाटेवर मात्र तो पुष्कळ पुढे गेला होता. गालात सुया घेतल्या, लाकडी पट्ट्या दातांत धरून तोंड ताणायचा व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या काड्या असतात ना, तसल्या; दर पंधरवड्याला एक वाढवायची. मधे दोनदा त्याने पुन्हा पुडी खाल्ली, तेही येऊन सांगितले. मी त्याला काही बोलले नाही. फक्त पट्ट्या किती झाल्या ते विचारले.

परवा दिवाळीच्या सुट्टीआधी तो आला आणि टेबलासमोर उभा राहून त्याने बोटे घालून दाखवली. दोन पुरी गेली, तिसरे टोकापर्यंत. यंदा वादविवादात नाव देऊ का, असे विचारले. मी दे म्हटले. मग जाता जाता दारातून परत फिरला.

“मॅडम, घरी नाही माहीत अजून. आई बाजारात भेटली तर सांगजा नका.”

त्याची आई मला दर शनिवारी बाजारात भेटते. ती विचारते, पोराचं कसं चाललंय? मी म्हणते, बरं चाललंय.